चालतंय तोवर

"ताई, ही चिप आता वापरतं कोण? एक नाव सांगा," प्रकल्पाचा प्रमुख पडद्यावरून तिसऱ्यांदा म्हणाला.

तिच्याकडे नाव नव्हतं. देशोदेशीच्या संगणकांवर चालणाऱ्या एका प्रणालीचा गाभा काहीशे माणसं मिळून सांभाळत. त्यातला एका जुन्या चिपपुरता भाग गेली चौदा वर्षं ती एकटी, बिनपगारी सांभाळत होती. ती चिप बनायची केव्हाच बंद झाली होती. गाभ्यात कुठेही काही बदललं, की हिच्या भागात हमखास काहीतरी मोडायचं आणि हिचा रविवार जायचा. चाचणीसाठी ठेवलेला जुना संगणक जेवणाच्या टेबलाखाली दिवसभर घरघरत असे. नवरा त्याला घरजावई म्हणायचा.

"शुक्रवारपर्यंत वापरणाऱ्या एकाचं तरी पत्र आणा," प्रमुख म्हणाला. "नाहीतर पुढच्या आवृत्तीतून हा भाग काढू. बाकीच्यांनी किती दिवस हे लोढणं ओढायचं?"

लोढणं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओढत तर ती एकटीच होती. तिने सगळीकडे विचारून पाहिलं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी जुनी पत्रं उपसताना एका छापखान्याची तक्रार हाती लागली, तीन वर्षांपूर्वीची. तिने रजा टाकली आणि दोन बस बदलून तिथे पोचली.

मालकांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. कागदाचे गठ्ठे कापायचं त्यांचं यंत्र त्याच चिपवर चालत होतं.

"आम्ही परीक्षांच्या प्रश्नपत्रिका छापतो," ते म्हणाले. "संगणकाची प्रणाली ताजी नसेल तर ती कामं मिळत नाहीत. दरवर्षी तुमची नवी आवृत्ती येते आणि आमचं निभावतं. उपकार आहेत बाई तुमचे."

त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहून खाली शिक्का मारला. उपकार आहेत असं चौदा वर्षांत तिला कुणी म्हणालं नव्हतं. पत्र तिने जपून पिशवीत ठेवलं.

ती फाटकापाशी पोचली तोच मागून हाक आली. कापायच्या यंत्रावरचे काका लगबगीने येत होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापाशीच संपली होती.

"बाई, ते पत्र पाठवू नका."

"अहो काका, पत्र गेलं नाही तर तुमचं यंत्र निकालात निघेल."

"निघू दे. नव्या यंत्रात हात आत गेला की पातं जागच्या जागी थांबतं. ह्याचं थांबत नाही. दरवर्षी मालकांना सांगतो, बदला. ते म्हणतात, चालतंय ना? आणि चालतंच." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "कोण चालवतंय, ते आज कळलं."

तिने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. "आणि मालकांनी नवं घेतलंच नाही तर?"

"प्रश्नपत्रिका गेल्या तर छापखान्यात उरतं काय? झक मारत घेतील." त्यांनी मागे वळून छापखान्याकडे पाहिलं. "दुपारपाळीला आता माझी सून बसते त्यावर."

परतीच्या दोन्ही बसमध्ये ती धुमसत राहिली. आधी काकांवर, मग मालकांवर. दुसरी बस स्टँडवर पोचेपर्यंत रागवायला ती स्वतःच तेवढी उरली होती. पत्र तिने पाठवलं नाही.

शुक्रवारी तो भाग गाभ्यातून निघाला. चौदा वर्षांच्या ओळी तिनेच एकेक करून काढल्या. काढण्याचं कारण लिहायची एक जागा असते. तिथे सगळे एकच वाक्य लिहितात, आता वापरणारं कुणी नाही.

तिने लिहिलं, "वापरणारे भेटले."