चार मार्चपर्यंत मागे

"काळ मागे नेता येतो," सारनाथन यांनी जाहीर केलं. "विज्ञानाने ते साधलंय. फक्त मंगळवारी नको."

त्या दिवशी मंगळवार होता. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुरैकण्णू माउसवरचा हात काढून स्वस्थ बसला. कुंभकोणमला दुकान टाकून त्याला जेमतेम महिना झाला होता आणि या घरी तो तिसऱ्यांदा आला होता. काम एका बटणाचं होतं.

कॉम्प्युटर अधूनमधून आपली त्या दिवसाची घडी, म्हणजे आतली सगळी मांडणी, टिपून ठेवतो. पुढे बिघडला, तर त्या तारखेच्या घडीवर परत जाता येतं. अशा टिपलेल्या तारखेला रिस्टोअर पॉइंट म्हणतात. सारनाथनना चार मार्चचा हवा होता.

पहिल्या खेपेला यादीत सात तारखा होत्या, चार मार्च बरोबर मधोमध. दुरै बटण दाबणार तोच सारनाथननी पंचांग उघडलं. राहुकाळ निघाला. दोन आठवड्यांनी आला तर अमावास्या, आणि यादीतल्या सर्वांत जुन्या दोन तारखा गायब. आज आणखी एक गायब होती.

"सामी, दर रविवारी एक जाते," दुरै म्हणाला. "जुनी आधी. आता सगळ्यांत जुनी चार मार्चच आहे."

"मंगळवारी नवं काम धरू नये."

"पोस्टात मंगळवारी पत्रं वाटत नव्हतात?"

"ती दुसऱ्यांची होती," सारनाथन म्हणाले. ते पस्तीस वर्षं पोस्टमास्तर होते.

तारखा कोण पळवतं याची चौकशी दुरैने आधीच केली होती. व्हायरस नव्हता. साफसफाई करणारे प्रोग्रॅम त्याने बंद केले होते. सारनाथनना संशय बायकोचा होता, कारण रविवारी कॉम्प्युटरला हात लावणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. पण कोमळम मामी माउसकडे पालीकडे बघावं तसं बघत. रविवारी सकाळी त्या कॉम्प्युटर चालू करून सुप्रभातम् लावत, एवढंच. ते वीस मिनिटांत संपे, तरी मशीन दुपारपर्यंत चालू असे. देवाच्या नावानंतर लगेच वीज तोडणं बरं दिसत नाही, असं मामींचं म्हणणं होतं.

चार मार्चच का, हे दुरैने विचारलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या वरच भिंतीवर एका तरुण मुलीचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. "मुलगी. वेदवल्ली," एवढंच सारनाथन पहिल्या दिवशी म्हणाले होते आणि दुरैने हात जोडले होते. बाकीचं त्याला तुकड्यातुकड्याने कळलं. पाच मार्चला नवराबायकोने कावेरीत डोक्यावरून स्नान केलं. सारनाथननी तीळ-पाणी सोडलं. भेटायला कुणी आलं नाही, कुणाला बोलावलंही नव्हतं. गल्लीतले लोक त्या घरासमोरून जरा भराभर चालत. घरात आठवण नको म्हणून सारनाथननी त्याच दुपारी कॉम्प्युटरमधले तिचे सगळे फोटो स्वतःच्या हाताने पुसले. भिंतीवरचा तेवढा ठेवला, कारण हार घालायला एक लागतोच.

पॉइंटने फोटो परत येत नाहीत, परत येते ती फक्त मशीनची घडी, हे दुरैने पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. सारनाथननी सगळं शांतपणे ऐकलं होतं आणि म्हणाले होते, तू दाब तर खरं.

आता ते बराच वेळ यादीतल्या त्या शेवटच्या तारखेकडे बघत राहिले.

"एक फोटो आहे," ते म्हणाले. "सहा वर्षांची असताना माझा चष्मा लावून बसलीय. नाकावरून पार घसरलेला. तो एक आला तरी पुरे. बाकीचे नकोत मला."

सारनाथननी पंचांग मिटलं. "दाब. मंगळवार तर मंगळवार."

कॉफी घेऊन आलेल्या मामी दारातच थांबल्या. "अहो, उद्या करा की," त्या म्हणाल्या. लग्नाच्या एकतीस वर्षांत त्यांनी वाराची काळजी केल्याचं सारनाथनना आठवेना.

दुरैने बटण दाबलं. मशीनने नकार दिला. डिस्कवर जागा नव्हती.

"असं आहे तर," दुरै म्हणाला. चोर सापडल्यासारखा तो सरसावून बसला. "कुणी पळवत नाही, सामी. दर रविवारी काहीतरी नवं येऊन पडतंय. त्याला जागा करायला मशीन जुन्या तारखा फेकतंय. ते नवं काढून टाकू, म्हणजे तुमची चार मार्च वाचेल."

"काढ," सारनाथन म्हणाले.

जागा खाणारा फोल्डर शोधायला फार वेळ लागला नाही. त्याचं नाव 'अप्पा' होतं. तो इंटरनेटला जोडलेला होता. मशीन चालू असलं की लांबून कुणीही टाकलेलं त्यात येऊन उतरत होतं. आत फोटो होते, शेकडो. काढून टाकण्याआधी दुरैने सवयीप्रमाणे पहिला उघडून पाहिला. एकवीस मार्च, विवाह नोंदणी कार्यालयाची पायरी, तिच्यावर एक मुलगी आणि शेजारी एक दाढीवाला तरुण. पुढचा एप्रिलमधला: जळलेला डोसा आणि तो धरून हसणारी तीच मुलगी. दुरैने मान वर करून भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. पडद्याकडे न बघता मामींनी कॉफी टेबलावर ठेवली. शेवटी, परवाच्या रविवारी आलेली एक चिठ्ठी होती, दोन ओळींची. दुरै ती उघडेना.

"वाच," सारनाथन म्हणाले.

"अप्पा, फोटो मध्येच अडकतायत, तुमची डिस्क भरली असणार. जुनं काहीतरी काढून टाकाल का?"