दांडवाडीची रेघ

गाडीच्या पडद्यावरच्या नकाशात दांडवाडीच्या घाटरस्त्याची रेघ पुसट झाली होती. महिनाभर एकही गाडी गेली नाही, की नकाशा रस्ता पुसून टाकी. मग रुग्णवाहिकासुद्धा तिकडे वळत नसे. म्हणून आठ वर्षं दर संकष्टीला, उपाशीपोटी, गाडीनं घाट चढायचा कुमुदबाईंचा नेम होता.

"पाठ मोडली गं माझी," विनायकराव कण्हले.

"तुमची बहीण वर एकटी आहे. चला."

वर पोचल्यावर नणंदेनं पाणी दिलं नि ती हळूच म्हणाली, "वहिनी, मला केव्हाचं खाली राहायला यायचंय. पण तुमचा नेम कसा मोडू?"

कुमुदबाई पायरीवर मटकन बसल्या.

"पिशवी भरा, वन्सं. चंद्र आमच्या गच्चीतून बघू."