फाईलमधली पानं

“म्हणजे दर महिन्याची सुई बंद?” सासूबाईंनी विचारलं.

“निदान तीन-चार महिने तरी,” डॉक्टर म्हणाले. “मोतीबिंदू काढतानाच एक बारीकशी कांडी डोळ्यात सोडायची. तिच्यातलं औषध हळूहळू झिरपत राहतं आणि कांडी आपोआप विरघळते. साखरेमुळे पडद्याला जी सूज येते, ती आटोक्यात राहील. कधीकधी डोळ्याचा दाब वाढतो, तेवढा अधूनमधून तपासू.”

“बरंच झालं की! हिचे हेलपाटे वाचतील.”

सुनेने मांडीवरची फाईल घट्ट धरली.

हेलपाटे! महिन्यातला हा एकच मंगळवार नवरा रजा काढून पोराला सांभाळायचा. एरवी दीड वर्षाचं पिल्लू तिला क्षणभर सोडत नसे. आंघोळीला गेली तरी दारावर थापा सुरू. वाचायला काही हातात घेतलं, की सासूबाईंचा टोला ठरलेला. “पोर जिन्यावरून गडगडलं तरी बाईसाहेबांना पत्ता नसायचा!” हळूहळू तिने पुस्तकांच्या कपाटाकडे बघणंच सोडलं होतं.

इथे मात्र बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, की सासूबाई डोळे मिटून बाकावर बसत. नंबर लागायला दोन तास. त्या दोन तासांत फाईलच्या आड एक जाडजूड कादंबरी उघडायची. महिन्याला साठ-सत्तर पानं. कादंबरीतली बाई गेला महिनाभर धक्क्यावर सामान घेऊन उभी होती. बोट सुटायची होती. आज ती कुठे चढत होती, तेवढ्यात नंबर पुकारला गेला.

“तुम्हाला काय वाटतं?” डॉक्टरांनी तिलाच विचारलं.

“दाब वाढू शकतो म्हणता ना...” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “मग सुईच बरी नाही का?”

“टोचतात ती माझ्या डोळ्यात, तुझ्या नाही,” सासूबाई म्हणाल्या.

तिची कानशिलं तापली. दोन तासांपायी आपण काय बोलून बसलो! सुईच्या दिवशी हात धरून बसायची तीच. सासूबाईंची नखं तिच्या तळव्यात रुतायची.

“बसवा डॉक्टर,” ती म्हणाली. सासूबाईंनी चाचपडत संमतीच्या कागदावर सही केली, खाली साक्षीदार म्हणून तिने. पेन परत करताना तिला वाटलं, कुणीतरी बाहेरून कडी घातली.

सासूबाईंचं कोपर धरून तिने त्यांना जिन्यापर्यंत आणलं. फाईल तिच्या काखेत होती. पहिल्याच पायरीवर सासूबाई थांबल्या.

“घरी त्या कांडीचं बोलायचं नाही. मंगळवारची सुई चालूच आहे म्हणायचं.”

“अहो आई, पण का?”

“थेंब घातले की दिसत नाही मला,” सासूबाई म्हणाल्या. “ऐकू येतं. फाईलमध्ये कागद आहेत चार, आणि तू दोन-दोन तास पानं उलटत असतेस.”