पिवळा दिवा

महिन्याभरापूर्वीच स्तामेननं आपली जुनी गाडी शेजारच्या रुम्यानाकाकूंच्या गळ्यात मारली होती, वर घरची रकिया पाजून. आज काकू तणतणत त्याच्या प्लोव्हदिवच्या गॅरेजवर आल्या.

"स्तामेन, गाडी भर चौकात बंद पडली रे!"

"क्लच नीट दाबत नसाल, काकू. गाडीत काही म्हणता काही दोष नाही."

"मग इंजिन बिघडलं की लागतो तो पिवळा दिवा कशाला पेटला?"

स्तामेन खो खो हसला. "काहीतरीच काय! तो पेटेलच कसा? त्याचा बल्ब तर मी विकतानाच काढून..."

त्यानं जीभ चावली.

 

काकू स्टूल ओढून ऐसपैस बसल्या. "गाडी बंद पडली हे खरं, बाळा. दिव्याचं म्हणशील, तर मी नुसता खडा टाकून पाहिला."