दुहेरी काच

मुलुंडला एकविसाव्या मजल्यावर दुपारी नुसती भट्टी पेटायची. एसीने घर काही थंड होईना, म्हणून देवेशने सगळ्या खिडक्या आणि गॅलरीचं सरकतं दार बदलून दुहेरी काचेचं करून घेतलं. दार लोटलं की कडी आपोआप लागायची, आणि उघडायची फक्त आतून. बसवलं त्या दिवशी त्याने आईला गॅलरीत उभं करून ओरडायला सांगितलं. जानकीबाई जीव तोडून ओरडल्या. आत नुसते हलणारे ओठ दिसले, आणि घर पोट धरून हसलं.

“झकास ना? फक्त दार उघडं टाकू नकोस गं आई, सगळी हवा जाते.”

मे महिन्यातल्या रविवारी सगळे जेवून, पडदे ओढून आडवे झाले. जानकीबाई आमसुलं लालभडक रसात बुडवून उन्हात घालायला गॅलरीत गेल्या. जाताना त्यांनी आठवणीने दार लोटून घेतलं.

पाच वाजता चहासाठी आईला हाका मारत देवेशने पडदा सारला.



काचेवर बाहेरून लाल पंजांचे ठसे होते, खांद्याच्या उंचीपासून खाली पार लादीपर्यंत.