दर रविवारी ढिला होणारा बेल्ट

अंजना गेल्याचा फोन आला तेव्हा हनुमंत उपकेंद्रातल्या उज्ज्वला सिस्टरच्या गाडीच्या बेल्टचा ताण मोजत होता.

रात्रभर तो घोडेगावच्या दवाखान्यात बायकोजवळ बसला होता आणि सकाळी कपडे बदलायला शिनोलीला घरी आला होता. सिस्टरची बॅटरीवरची मोटरसायकल दोन दिवस अंगणात उभी होती. 'पोरीची गाडी अडकवून ठेवू नका,' असं अंजनानेच बजावलं होतं. म्हणून तो घटकाभर खाली बसला. फोन ऐकून त्याने हातातली पट्टी जमिनीवर ठेवली आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. घोडेगावची एसटी कोणत्या बाजूने येते, तेही त्याला आठवेना.

अंजनाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने ते अर्धं काम पुरं केलं. गाडी नेऊन दिली. मग सगळी हत्यारं पोत्यात भरली आणि पोत्याचं तोंड बांधलं.

"भंगारात देतो," तो शेजारच्या कुंडलिकला म्हणाला. "आता कुणासाठी करायचं?"

चूल दोन-दोन दिवस पेटेना. कुंडलिकच्या घरून भाकरी आली तर तो खाई, नाही तर तसाच पडून राही.

पुढच्या रविवारी सिस्टर दारात आली.

"काका, बेल्ट ढिला झालाय."

हनुमंतने पोत्याकडे पाहिलं. मग उठून दोरी सोडली.

त्याने गाडी स्टँडवर घेतली. मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं आणि बेल्ट जिथे सगळ्यात ताठ लागला तिथे थांबवलं. बेल्टच्या दातांत अडकलेले खडे काडीने काढले. वजन करायच्या स्प्रिंगच्या काट्याने बेल्ट मधोमध खाली ओढला आणि किती उतरतो ते पट्टीवर पाहिलं. चाकाचा नट सैल करून चाक दोन्ही बाजूंनी सारखं मागे घेतलं, नट आवळला, पुन्हा मोजलं. शेवटी नटापासून सांगाड्यापर्यंत लाल रंगाची एक सलग रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर कळतं.

"ताठ ठेवला तर बेअरिंग जातं, ढिला ठेवला तर दात सुटतो," तो म्हणाला. त्या आठवड्यात तो इतकं बोललाच नव्हता.

काम होईपर्यंत दुपार झाली. त्याने भात टाकला, हुलग्याचं कालवण केलं. सिस्टर ओट्यावर जेवायला बसली.

"काका, मीठच नाही."

"तुमीच सांगितलं ना, मीठ कमी खा म्हणून?"

"कमी म्हणाले होते. बंद नव्हते म्हणाले."

अंजना गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

त्यानंतर दर रविवारी बेल्ट ढिला होऊ लागला. हनुमंत शनिवारीच तांदूळ निवडून ठेवी. सकाळी अंगण झाडी, दाढी करी. पोतं कोपऱ्यातून गेलं आणि हत्यारं पुन्हा भिंतीवर लागली. गावातले दोघे-तिघे आपापल्या गाड्या आणू लागले. तरी चूल दोन माणसांसाठी पेटायची ती रविवारीच.

चौथ्या महिन्यात एका रविवारी कुंडलिक ओट्यावर येऊन बसला.

"सिस्टर, तुमच्या गाडीला आवाज न्हाई, धूर न्हाई, अन् दुखणं मात्र दर आठवड्याला! आमच्या म्हशीपेक्षा नाजूक हाय ही."

"तुमची म्हैस घाट चढते का?"

"आवो, बुधवारी घोडेगावात कंपनीचा मेकॅनिक येणार हाय. नवा बेल्ट बसवून देईल. कायमची कटकट मिटंल. मीच नाव देतो तुमचं."

हनुमंतच्या हातातला पाना तसाच राहिला.

"कशाला तरास देतो त्याला?" तो म्हणाला. "मी हाय ना."

"तुमच्यानं व्हतंय कुठं नीट? सोळा रविवार झाले, राव!" कुंडलिक खाली वाकला. चाकाजवळ डोळे नेले. "हनुमंतभाऊ, तुमची लाल रेघ कुठल्या कुठं गेलीय. हा नट आपोआप फिरला न्हाई. कुणीतरी फिरवतंय!"

"भात करपंल," म्हणत हनुमंत आत गेला. दाराआड थांबला.

बाहेर सिस्टर हलक्या आवाजात बोलत होती.

"हळू बोला, भाऊ. मीच फिरवते. त्या कोपऱ्यावरच्या हापशापाशी थांबते, ढिला करते आणि गाडी ढकलत आणते. काकूंनी दवाखान्यात माझ्याकडून वचन घेतलं होतं. 'मी गेल्यावर हे हत्याराला हात लावणार नाहीत,' म्हणाल्या. 'दर रविवारी काम घेऊन जा. घाटात मात्र ढिला ठेवू नकोस.'"

कुंडलिकने दाराकडे पाहिलं.

"त्यांना कळलं तर?"

"तर माझं येणंच बंद होईल. कीव करते असं वाटेल त्यांना."

हनुमंतने मुद्दाम भांडं वाजवलं आणि तीन ताटं घेऊन बाहेर आला. कुंडलिक घसा खाकरून उठला. त्याने आपल्या हाताने ताटं मांडली.

"त्या मेकॅनिकचं रद्द झालं म्हणं," तो म्हणाला. "आत्ताच आठवलं मला."

"बरं झालं," हनुमंत म्हणाला. "सिस्टर, पुढल्या रविवारी पुन्हा बघावा लागंल. आज पोटभर जेवा."

तिने भात मागून घेतला. दोनदा घेतला. हनुमंत तिच्या ताटाकडे पाहत राहिला.

शेवटच्या आठवड्यात अंजनाने त्याला खाटेजवळ बोलावलं होतं. "त्या पोरीला कुणी न्हाई," ती म्हणाली होती. "खोलीवर चहा-बिस्किटावर दिवस काढती. जेवायला बोलावलं तर जेवून आले म्हणती, कुणाचं फुकट खात न्हाई. म्हणून मी तिला सांगितलंय, दर रविवारी बेल्ट ढिला करून गाडी तुमच्याकडं आणायची. तुमच्यासाठीच करतेय असं वाटू द्या तिला. रेघ हललेली दिसली तरी बोलू नका, अन् जेवल्याबिगर सोडू नका."

सिस्टरला हे सांगायचं अजून राहिलं आहे.