निळ्या स्विचचा आवाज

हिंजवडीच्या ऑफिसात शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पूर्णिमाने मुद्दाम लाल स्विचचा कीबोर्ड घेतला होता. बोट टेकलं की बटण मुकाट्याने खाली जायचं. शेजारच्या विश्वजीतच्या बटणांखालचे स्विच निळे होते. त्याचं बटण आधी अडायचं, मग टक्कन वाजायचं. प्रमोशन त्याला मिळालं.

"दिवसभर राबत असतो तो. अख्ख्या फ्लोअरला ऐकू येतं," सर म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या चुका तीच निस्तरत होती, पण आवाज न करता.

नव्या केबिनमध्ये जाताना विश्वजीत जुना कीबोर्ड टेबलावरच टाकून गेला. तिने तो जोडला आणि नेहमीच्याच हलक्या हाताने ती कामाला लागली.

थोड्याच वेळात सर आले.

"काय पूर्णिमा, घरी भांडून आलीस का? सगळा राग कीबोर्डवर निघतोय."